उलट्या दिशेचा समुद्र

मुळशीच्या पाण्याच्या पत्रिकेत एक समुद्र आहे आणि नशिबात दुसरा. मुळा नदीला तिच्या मनासारखं वाहू दिलं, तर ती पुण्यात मुठेला भेटते, पुढे भीमेत, मग कृष्णेत जाते आणि अख्खं दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळते. मुळशी धरणात अडलेलं पाणी मात्र बोगद्यानं पश्चिमेला वळवलं आहे. ते डोंगराखाली सुमारे पाचशे मीटर उतरून भिऱ्याच्या वीजघरात राबतं आणि कुंडलिकेच्या पात्रात जातं. तिथून कोलाड, रोहा आणि शेवटी रेवदंड्याची खाडी. आमच्याकडे, मुळशीत, धरणाकाठी भजी खाणाऱ्या पर्यटकांना हे ठाऊक नसतं. ठाऊक असायचं कारणही नाही म्हणा. पाणी इतकं निवांत पसरलेलं असतं, की ते कुठे जात असेल असं वाटतच नाही.

ताम्हिणी उतरून विळ्यावरून कोलाडला आलं, की तेच पाणी ओळखू येत नाही. राफ्टिंगवाले सकाळी काठावर फुगे फुगवून बसलेले असतात आणि एकमेकांना विचारतात, “पाणी सुटलं का?” वर वीजघर चाललं, की खाली नदी धावते. भर उन्हाळ्यात कोकणातल्या इतर नद्यांचे दगड उघडे पडतात, तेव्हा ही मात्र खळाळत असते. आमच्या खोऱ्यात पडलेला आषाढ ती चैत्रात वाहून नेते. रोह्याच्या पुढे तिच्यात रासायनिक कारखान्यांचं सांडपाणी मिसळतं, आणि प्रदूषित नद्यांच्या सरकारी यादीत तिचं नाव येतं. हा भाग मी गाडीच्या काचा वर करून ओलांडतो.

मग खाडी. दक्षिणेला कोर्लईचा डोंगर समुद्रात सोंड खुपसून बसलेला, उत्तरेला रेवदंड्याच्या किल्ल्याची माडांत हरवलेली तटबंदी, मध्ये साळावचा पूल. त्या तोंडाशी आणि आसपास कोर्लई, साळाव, रेवदंडा, आग्राव, थेरोंडा अशा वस्त्या दाटीनं बसल्या आहेत. मागे मोकळी जमीन असली, तरी घरं पाण्याकडे सरकून एकमेकांना खेटलेली. कोर्लईत किल्ल्याच्या पायथ्याशी राहणारी ख्रिस्ती माणसं आजही घरात पोर्तुगीजमधून आलेली स्वतःची बोली बोलतात. पोर्तुगीज 1740 मध्ये गेले, बोली राहिली. चौल-रेवदंड्याला अरब उतरले, पंधराव्या शतकात निकितिन नावाचा रशियन व्यापारी उतरला. बाहेरून येणाऱ्याचं या खाडीला काही वाटत नाही. मुळशीच्या पाण्याचंही वाटलं नसावं.

मला इथली डोल बघत बसायला आवडतं. डोल म्हणजे शंकूच्या आकाराचं लांबच लांब जाळं. तोंडाशी त्याचे डोळे मोठे असतात, शेपटाकडे इतके बारीक होत जातात की जवळासुद्धा सुटत नाही. ती माशांमागे धावत नाही. खुंटांना बांधून ठेवायची आणि पाण्याच्या ओढीनं मासळी तिच्यात यायची, एवढंच. म्हणून इथला दिवस घड्याळावर चालत नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, ओढ जोरात, होड्या रात्रीबेरात्री निघालेल्या. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी मंद, माणसं जाळी विणत बसलेली. काठावर बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत असतात. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची. ना गाठ, ना सुतळी. बायकांचे हात हे इतक्या वेगानं करतात, की बघताना नेमकं कुठे अडकवलं ते कळत नाही.

आमच्या पाण्याला ओढ नाही. ते पावसाळ्यात चढतं, उन्हाळ्यात उतरतं, म्हणजे वर्षाकाठी एक भरती आणि एक ओहोटी. कातकरी त्यात जाळी टाकतात, मासे मिळतातही, पण शंभर वर्षं होत आली तरी मुळशीच्या काठी कोळीवाडा वसला नाही. वसणार कसा? खाडीकाठची गावं पाण्यापाशी आपणहून आली. आमची गावं पाण्यानं हाकलून डोंगरावर चढवली. आंबेमोहोराची खाचरं, देवळं, घरं सगळं खाली राहिलं. 1921 च्या रामनवमीला मावळे बायकापोरांसकट धरणाच्या बांधकामावर जाऊन बसले, सेनापती बापट तुरुंगात गेले, विनायकराव भुस्कुट्यांनी पुढे त्या सत्याग्रहावर पुस्तक लिहिलं. धरण झालंच. 1927 पासून भिऱ्याची वीज मुंबईला जाते. त्या लढ्यावर व्याख्यानं होतात, ती मी ऐकतो. पण पळसे किंवा ताम्हिणीकडच्या एखाद्या घराच्या ओट्यावर बसलं, की जाणवतं ते एवढंच, की ही माणसं पाण्याकडे पाठ करून बसतात.

रेवदंड्यात सुकी मासळी विकणाऱ्या एका मावशींना मी हे सगळं सांगत होतो. धरण, बोगदा, वीजघर, आणि तुमच्या खाडीत येणारं पाणी आमच्या भातखाचरांवरून आलेलं आहे, वगैरे. थोडं भारावूनच. त्या जवळ्यातले कचरे वेचत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “पानी कुठचं का असंना, उधानाला सगलं खारंच.”

मग त्यांनीच विचारलं, मुळशीत आमची सुकट जाते का. जाते, म्हटलं. पावसाळ्यात घाट धुक्यात बुडालेला असतो, लावणीची माणसं दिवसभर चिखलात वाकलेली असतात, तेव्हा आमच्या चुलीवर सुकट आणि तांदळाची भाकरी हेच चालतं. नाकाला वास लागला, की भूक दुप्पट होते. “मग घाटावर कितीला देतात?” मावशींनी विचारलं. मी पौडच्या बाजारातला भाव सांगितला. त्या पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघत राहिल्या, शेजारणीला हाक मारून तो भाव पुन्हा एकदा माझ्याकडून वदवून घेतला आणि दोघी मिळून त्या मधल्या व्यापाऱ्याला मनसोक्त शिव्या घालू लागल्या.