सोपाऱ्याच्या वाटेवर रुसलेली डिकी

पावसाळा संपला की एकदा सोपाऱ्याचा स्तूप पाहायचा, असे आईने दोन वर्षांपासून मनात धरून ठेवले होते. खरे तर तिथे जाणे अवघड नाही. विरार लोकलने नालासोपाऱ्याला उतरावे, पश्चिमेला बाहेर पडावे आणि रिक्षा करावी. पण आईचे वय बहात्तर, त्यात गुडघेदुखी. लोकलच्या गर्दीत तिला चढवायचे-उतरवायचे कसे? शेवटी पुतण्याच म्हणाला, "काका, रविवारी माझी गाडी मोकळीच असते. आजीला आरामात नेऊ." त्याची गाडी भाड्याने चालते, तीही सीएनजीवर.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी आई, मी, आमची सौ., पुतणी आणि पुतण्या असे पाच जण विक्रोळीहून निघालो. घोडबंदर रस्त्याने वर्सोवा पुलावर आलो, वसईची खाडी ओलांडली आणि महामार्ग सोडून नालासोपाऱ्यात शिरलो. पूर्वेला चाळी आणि इमारतींची नुसती दाटी. पूल ओलांडून पश्चिमेला सोपारा गावाकडे वळलो, तेव्हा कुठे झाडांची सावली लागली.

स्तूपाच्या जागेला गावात बुरूड राजाचा कोट म्हणतात. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथे उत्खनन केले. स्तूपाच्या पोटात दगडी पेटी निघाली. तिच्यात तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा, असे एकात एक करंडक होते. भोवती आठ बुद्धमूर्ती होत्या. हा ठेवा आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहे. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्याच वर्षी सोपाऱ्यातच मिळाला. आईने विटांच्या त्या उंचवट्याला हात लावून वंदन केले आणि बराच वेळ काही बोलली नाही.

दुपारचा एक वाजला. आईला मधुमेह आहे. जेवणाआधी इन्सुलिन टोचावे लागते. जेवण लांबले तर साखर उतरण्याची भीती, आणि इन्सुलिन न घेता जेवली तर साखर चढणार. भाकरीचा डबा, सतरंजी आणि इन्सुलिनची पिशवी, सगळे डिकीत. पुतण्याने सीटजवळचा खटका ओढला. डिकी उघडेना. पुन्हा ओढला. आतून 'खट्ट' असा आवाजसुद्धा येईना. आईच्या कपाळावर घाम दिसू लागला तशी आमची पाचावर धारण बसली.

जमलेल्यांपैकी एकाने पहार आणायची तयारी दाखवली. पुतण्याने हात जोडले. काच फुटली तर तुकडे आत पडणार, आणि पत्रा वाकला तर दार पुन्हा नीट बसणार नाही. शिवाय गाडीवर त्याचे घर चालते.

तेवढ्यात कोणीतरी जवळच्या रिक्षा दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला बोलावून आणले. तो आधी आईकडे गेला आणि म्हणाला, "आजी, सावलीत बसा. आधी तुमचे औषध काढू, दार मागाहून." हीच गोष्ट आम्हाला सुचली नव्हती! मागच्या सीटवरून डिकीवरची फळी उचलली. सीएनजीच्या टाकीमुळे मोठ्या माणसाला आत शिरता येत नव्हते, पण पुतणीचा बारीक हात टाकीमागे पोहोचला. तिने चाचपून पिशवी ओढून काढली. पिशवीत बर्फाच्या थैल्या होत्या, त्यामुळे औषध गारच होते. शेजारच्या घरातून गरम पोळी-भाजी आली. आईने इंजेक्शन घेतले, चार घास खाल्ले, तेव्हा आमच्या जिवात जीव आला.

मग मिस्त्रीने दार हाती घेतले. डिकीच्या कडीला आतला आकडा धरून असतो. खटका ओढला की एक तार त्या आकड्याला खेचते आणि कडी सुटते. दार आतून ताणलेले असले की आकडा सुटत नाही. म्हणून त्याने पुतण्याला दार दोन्ही हातांनी खाली दाबायला सांगितले आणि खटक्याजवळची ढिली झालेली तार पकडीने हळूच ओढली. दोनदा नाही, तिसऱ्यांदा दार उघडले. पाहतो तो काय, सतरंजीचे टोक आकड्यात अडकलेले! वर पावसाळ्यातला चिखल आणि खाऱ्या हवेचा गंज. त्याने आकडा फडक्याने पुसला, तेल सोडले, ग्रीस लावले आणि तार आवळून दिली. पैसे घेईना, तेव्हा आईनेच दटावून घ्यायला लावले.

जाता जाता त्याने सांगितलेले वाचकांच्याही उपयोगी पडेल. बटणाने उघडणारी डिकी अडली तर आधी बॅटरी आणि फ्यूज पाहावा. दार वरखाली होऊन रबरी नळीतली वायर आतल्या आत तुटते, तीही पाहावी. सीएनजी गाडीची डिकी अडली तर 'उद्या बघू' म्हणू नये, कारण गॅस बंद करायची चावी बहुधा डिकीतल्या टाकीवरच असते. गॅसचा वास आला तर ती चावी लगेच हाताशी लागायला हवी.

आमची चूक मात्र गाडीची नव्हती. जिवाला लागणारी वस्तू आम्ही एकाच दाराआड ठेवली होती. बंद गाडी उन्हात तापते आणि उष्णतेने इन्सुलिन खराब होते, ते वेगळेच. प्रवासाला निघताना डिकी एकदा उघडझाप करून पाहा, सतरंजीची टोके आत घाला आणि औषध स्वतःजवळ ठेवा. सोपाऱ्याला मात्र अवश्य जा.

आई आता बाजारात निघाली तरी इन्सुलिनची पिशवी खांद्याला अडकवते. कोणी मागितली तर देत नाही.