पसरणीचा घाट आणि पायातले बूट

गेल्या रविवारी आम्ही दोघं मोटारसायकलवरून वाईहून पाचगणीला गेलो. ढोल्या गणपतीचे दर्शन घेऊन पसरणीच्या घाटाला लागलो. खाली कृष्णाकाठची हिरवी शेतं! पण माझे लक्ष ह्यांच्या पायांकडे. मागच्या वर्षी याच घाटात वळणावरच्या खडीवर गाडी घसरली होती. ह्यांच्या पायात चपला! घोट्याचे हाड मोडले, दीड महिना प्लॅस्टर. “एवढ्याशा फेरीला बूट कशाला?” म्हणणारे हे यंदा मुकाट्याने दुकानात आले.

मैत्रिणींनो, बूट घेताना घोटा पूर्ण झाकला जातो ना, ते बघा. ओल्या कपड्यासारखा बूट पिळून पाहा. सहज पिळला गेला तर नको. टाच आणि चवडा कडक हवा, तळ न घसरणारा. नाड्या आत खोचता आल्या पाहिजेत, नाहीतर गियरमध्ये अडकतात. जाड मोजे घालून संध्याकाळी मापं घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात.

मागे बसणारीलाही पाय असतातच की! सायलेन्सरचा चटका चपलेला कसा अडणार? म्हणून मीही जोड घेतला. टेबललँडवर दोघीतिघी माझ्या पायांकडे बघून हसल्या. हसू देत. रात्री दोघंही आपापल्या पायांनी घराचा जिना चढलो.