सर्वांत मागच्याच्या पावलाने

पोटापाण्यासाठी आम्ही इंग्लंडात आलो त्याला बरीच वर्षे झाली. पण समुद्र पाहायचा म्हणजे बसने जायचे, वाळूवर बसून डबा खायचा आणि संध्याकाळी परत यायचे, एवढेच आम्हाला ठाऊक होते. एका एप्रिलमध्ये नागपूरहून आई आली, तेव्हा मुलगी म्हणाली, "या वेळी समुद्राच्या काठाने चालत जाऊ. आजीला घेऊ आणि मोतीलाही घेऊ."

मोती म्हणजे आमचा कुत्रा. वय बारा वर्षे, मागचे पाय अधू झालेले. आईचे वय अडुसष्ट. उभा जन्म मांडी घालून विड्या वळल्या, त्यामुळे गुडघे धरलेले. अशी ही आमची पलटण!

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला 'साउथ वेस्ट कोस्ट पाथ' नावाची पायवाट आहे. माइनहेडपासून पूल बंदरापर्यंत ती समुद्राच्या काठाने ६३० मैल जाते. आम्ही त्यातला जेमतेम सहा मैलांचा तुकडा निवडला. कॉर्नवॉलमधील कायनान्सपासून निघायचे आणि लिझर्डच्या टोकावरून कॅजविथ गावी पोहोचायचे. रेड्रुथपर्यंत रेल्वे, पुढे हेल्स्टनवरून बस. इथल्या रेल्वेत कुत्र्याला तिकीट पडत नाही, हे गरिबाच्या सोयीचेच. रात्री लिझर्ड गावात मुक्काम केला आणि सकाळी शेतातून मैलभर चालून कायनान्सला आलो.

ही वाट हौशी लोकांनी पाडलेली नाही. पूर्वी या किनाऱ्यावर चोरटा माल उतरे. त्यावर नजर ठेवायला सरकारी पहारेकरी रात्री-बेरात्री पायी फिरत. प्रत्येक खाचेत डोकावून पाहायचे, म्हणून वाट कड्याच्या अगदी कडेने जाते, खाली उतरते आणि पुन्हा चढते. नोकरीपायी झिजलेल्या बुटांनी ती पडली. आज तिथे तिकीट नाही. खांबावर ओकच्या फळाची खूण दिसली की आपण बरोबर चाललो आहोत असे समजावे.

"आणि कोण तुम्ही, कुठले, असं कुणी विचारत नाही?" आईने विचारले.

"नाही, आई."

ती थोडा वेळ गप्प राहिली. तिच्या लहानपणी गावात कोणत्या वाटेने जायचे, हे दुसरेच ठरवीत असत.

कायनान्सचे खडक हिरवे-तांबडे, सापाच्या कातडीसारखे. त्याच दगडाच्या पायऱ्या करून कुंपणे ओलांडायची सोय केलेली आहे. लोकांच्या पायांनी त्या गुळगुळीत झाल्या आहेत आणि ओल्या असल्या की फार निसरड्या. प्रत्येक ठिकाणी मोतीला उचलून पलीकडे न्यावे लागले, मग आईला हात द्यावा लागला. मोतीचा पट्टा आम्ही एकदाही सोडला नाही. कड्यावर पक्ष्यामागे धावलेला कुत्रा खाली जातो. शिवाय इथे लाल चोचीचा, कावळ्यासारखा चफ नावाचा पक्षी राहतो. तो इंग्लंडातून नाहीसा झाला होता. २००१ साली तो या लिझर्डवर आपण होऊन परत आला आणि २००२ साली त्याने पिले काढली. त्याला त्रास देणे बरे नव्हे.

पुढे वाटेत गाई उभ्या होत्या. कुत्रा दिसला की गाई अंगावर येतात. आम्ही बोलणे थांबवले आणि लांबून वळसा घातला. गाई धावून आल्याच तर पट्टा सोडून द्यावा. कुत्रा पळून वाचतो आणि माणूसही वाचतो.

दुपारी लिझर्डच्या टोकाला पोहोचलो. ब्रिटनच्या मुख्य भूमीचे हे अगदी दक्षिणेचे टोक. तिथे मोती खाली बसला तो उठेचना. आईही दगडावर टेकली आणि म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं. मी आणि मोती गावात जाऊन बसतो."

मुलीचा चेहरा पडला. कॅजविथ अजून निम्म्याहून दूर होते आणि सुट्टीचे दिवस मोजकेच. काय करावे सुचेना.

समोर खाली बचाव-नौकेचे जुने घर दिसत होते. १७ मार्च १९०७ च्या रात्री, धुके आणि वादळ असताना, 'सुएविक' नावाची मोठी बोट याच टोकाजवळच्या खडकांवर चढली. आसपासच्या गावांतील साठ माणसे उघड्या होड्या वल्हवत निघाली. सोळा तास ते खेपा घालीत राहिले. ४५६ माणसे त्यांनी काठावर आणली. त्यांत सत्तर तान्ही बाळे होती. एकही जीव गेला नाही. वाचलेले कोण, कुठले, हे वाचवणाऱ्यांना ठाऊकही नव्हते.

ही हकीकत आम्ही आईला सांगितली. ती ऐकून मुलगीच म्हणाली, "मग आपण चौघांना मागे-पुढे कशाला करायचं? उद्या जाऊ."

त्या दिवशी आम्ही सगळेच गावात परतलो. मोतीचे पाय कोमट पाण्याने शेकले, आईच्या गुडघ्यांना तेल चोळले. दुसऱ्या दिवशी उरलेली वाट चालायला सबंध दिवस घेतला. दर अर्ध्या तासाने बसलो, चपाती-चटणी खाल्ली. आई आणि मोती पुढे, आम्ही मागे.

कॅजविथला गवताने शाकारलेली घरे आहेत आणि चिंचोळ्या पुळणीवर ओढून ठेवलेल्या कोळ्यांच्या होड्या. आई तिथे बसली, मोतीचे डोके मांडीवर घेतले आणि म्हणाली, "आम्ही दोघं आलो बरं का!"

वाचकहो, आपल्या घरातही कुणीतरी हळू चालणारे असतेच. सहलीला निघताना त्याला घरी ठेवून जाऊ नका. मैल कमी करा, पण माणूस कमी करू नका. मोती त्याच वर्षी दिवाळीनंतर गेला. कॅजविथला त्याला नेले होते, याचेच आता समाधान वाटते.