घरचा भेदी

वय लपवायचं म्हटलं तर सगळं शरीर आपल्याला सामील असतं. केसांना कलप लागतो, सुरकुत्यांना मलम मिळतं, आणि शाळेच्या दाखल्यावर तर कित्येकांना मास्तरांनी एक जूनलाच जन्माला घातलेलं असतं. फितूर असतो तो एकटा दात.

इनॅमलच्या अंगरख्याखाली डेंटिन असतं. वजनाच्या सुमारे ७० टक्के खनिज. उरलेलं बरंचसं कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे धागे आणि थोडं पाणी. हाड जुनं मोडून नवं बांधत राहतं. डेंटिनला ती सोय नाही. एकदा विणलेलं कोलॅजेन जन्मभर तेच, लग्नातल्या शालूसारखं. त्याला वर्षानुवर्षं अंगातली साखर चिकटते, धागे एकमेकांत गुंततात, दात पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो. आतल्या सूक्ष्म नळ्या खनिजानं बुजत जातात, आणि मूळ टोकाकडून पारदर्शक होऊ लागतं. (म्हातारपणी माणूस पारदर्शक होतो असा माझा तरी अनुभव नाही.)

पण खरी चहाडी करतं ते ॲस्पार्टिक ॲसिड. शरीर प्रथिनं बनवतं तेव्हा त्यातलं हे ॲसिड डाव्या वळणाचं असतं. वर्षं लोटतात तसं त्यातलं थोडं थोडं आपोआप उजवं होतं. उमेदीत डावे आणि पेन्शनीत उजवे असे आमच्या गल्लीतही पुष्कळ आहेत! अंगाची ऊब कायम, त्यामुळे या पक्षांतराचा वेगही जवळजवळ ठरलेला. १९७६ साली हेल्फमन आणि बाडा या दोघांनी दाखवून दिलं, की डेंटिनमधलं उजवं मोजलं की वय काढता येतं. चारदोन वर्षं इकडेतिकडे.

हे वाचलं आणि मला आमच्या आत्याची दाढ आठवली. काढल्यापासून ती कागदाच्या पुडीत, फडताळात होती. घरात सहस्रचंद्रदर्शनाचा घाट घातलेला, आणि आत्याला एक्याऐंशीवं लागलं की नाही हेच कुणाला ठाऊक नाही. ‘गांधीजी गेले तेव्हा मी परकरात होते,’ एवढाच तिचा जन्मदाखला. परकर तिसऱ्या वर्षीही नेसवतात आणि बाराव्याही.

“आत्या, दाढ तपासून घेऊ या का?” मी म्हटलं.

ती निवडत होती ते तांदूळ तसेच राहिले.

“अरे, लग्न जमवताना तुझ्या आजोबांनी माझं वय तीन वर्षं कमी सांगितलं होतं. तुझ्या आतोबांना ते शेवटपर्यंत कळलं नाही. आता दाढेनं कशाला सांगायचं?”

दुसऱ्या दिवशी फडताळात पुडी नव्हती. परसातल्या अळवाची माती तेवढी ताजी उकरलेली दिसली. सोहळा श्रावणात आहे.