पाच लाखांचं कार्ड आणि बीपीची गोळी

सांगली
28 नोव्हेंबर 2025

चि. बाळू यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझी लांबलचक मेल मिळाली. नोकरी गेल्याचं तू फोनवर सांगितलंच होतंस, पण नोकरीबरोबर घरातल्या चौघांचा आरोग्यविमाही जातो, हे मेल वाचल्यावर नीट कळलं. शेवटी तू लिहितोस, ‘ताई, तुमचं बरं आहे. महाराष्ट्रात आता सगळ्यांनाच पाच लाखांचं कवच. आमच्याकडे अजून भांडतायत, तुमच्याकडे वाद मिटला.’ फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहायला बसले. वाद मिटलेला नाही रे. तो कार्डाच्या अलीकडून पलीकडे सरकलाय, एवढंच.

तुमचं भांडण मी इकडून वाचत असते. 1 ऑक्टोबरपासून 12 नोव्हेंबरपर्यंत तुमचं सरकार बंद राहिलं ते मुख्यतः याच मुद्द्यावर. ओबामाकेअरच्या हप्त्यांवर 2021 पासून मिळणारी वाढीव सवलत वर्षअखेरीस संपू द्यायची की चालू ठेवायची? कचेऱ्या उघडल्या, सवलतीचं घोंगडं भिजतच पडलं. मला गंमत वाटते ती नोकरीला विमा बांधून ठेवण्याची. हे कुणी बसून ठरवलेलं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात पगारवाढीवर बंदी आली, तेव्हा माणसं टिकवायला कंपन्यांनी पगाराऐवजी विमा देऊ केला. पुढे त्याला करातून सूट मिळाली आणि तात्पुरती सोय कायमची होऊन बसली. म्हातारे आणि अगदी गरीब बाहेर राहिले, त्यांच्यासाठी 1965 साली मेडिकेअर आणि मेडिकेड आलं. मधले राहिले, त्यांच्यासाठी 2010 चा कायदा, म्हणजे हेच ओबामाकेअर. त्यातही 2012 मध्ये तुमच्या सुप्रीम कोर्टाने मेडिकेड वाढवायचं की नाही हे राज्यांच्या मर्जीवर सोडलं, आणि तुझ्या टेक्सासने ते अजून वाढवलेलं नाही. ठिगळावर ठिगळ लावत गेलं की दोन ठिगळांच्या मधे कुणीतरी उघडं पडणारच. देशभर अजून अडीच कोटींवर लोक विम्याविना आहेत, आणि त्यांचं प्रमाण सगळ्यात जास्त तुमच्याच राज्यात. इतकी वर्षं डॅलसला राहून हे तुला आता कळावं, याचं मला जरा नवलच वाटलं. पण गरज पडेपर्यंत असल्या गोष्टी कोण वाचतं?

आपल्याकडे सुरुवात वेगळी झाली होती. सर जोसेफ भोर यांच्या समितीने 1946 मध्ये अहवाल दिला, त्यात विम्याचा रस्ता धरलाच नव्हता. ऐपत नाही म्हणून कुणी उपचाराविना राहू नये, आणि त्यासाठी सरकारने करांच्या पैशातून गावापर्यंत दवाखाने न्यावेत, असा त्यांचा आराखडा. आपल्या गावचं प्राथमिक आरोग्य केंद्र, जिथे तुझ्या कपाळाला टाके घातले होते, ते त्या आराखड्याचंच नातवंड. विचार पक्का होता, पैसा कच्चा पडला. आजही केंद्र आणि राज्यं मिळून आरोग्यावरचा सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्क्यांच्या आत आहे. 2017 च्या आरोग्य धोरणाने 2025 पर्यंत अडीच टक्क्यांचा शब्द दिला होता, आणि 2025 तर आता संपतच आलं.

मग रस्ता बदलला. आंध्रने 2007 मध्ये आरोग्यश्री काढली, आपण 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना. दीड लाखाचं संरक्षण, पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलं की झालं. पुढे तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं, 2018 मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली, दोन्ही जोडल्या गेल्या. जुलै 2023 मध्ये शासन निर्णय निघाला की रेशनकार्ड पांढरं असो की केशरी, राज्यातल्या प्रत्येक कुटुंबाला वर्षाला पाच लाख. तुझ्या मनातला ‘वाद मिटला’ तो हाच.

या योजनेला नावं ठेवायला मी लिहीत नाही, हे आधीच सांगते. समाजसेवा अधीक्षक म्हणून माझी सगळी नोकरी सरकारी रुग्णालयांत गेली. योजना नव्हती तेव्हा हृदयाला भोक असलेलं पोर घेऊन शेतमजूर बाप यायचा आणि मी ट्रस्टांची यादी काढून बसायची. या ट्रस्टला अर्ज, त्या ट्रस्टला अर्ज, मुख्यमंत्री निधी, गावात वर्गणी. तेवढ्यात पोर जायचं. योजना आल्यावर तीच फाईल रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाच्या, आरोग्यमित्राच्या, टेबलावर जायची, रेशनकार्ड, आधार, ऑनलाइन मंजुरी, आणि पोर ऑपरेशनला. आधारवर ‘बाळासो’ आणि रेशनकार्डावर ‘बाळासाहेब’ असलं तर अर्धा दिवस तहसीलच्या चकरा, पण पोर वाचायचं. माझ्या लेखी त्या एका कारणासाठी योजना बंद करण्याची भाषा करणाऱ्याला थारा नाही.

पण कार्ड कुठे सुरू होतं ते बघ. ते सुरू होतं माणूस आडवा झाल्यावर. योजनेतले जवळजवळ सगळे उपचार रुग्णालयात दाखल होऊन करायचे. ठरावीक ऑपरेशनांनंतरची फेरतपासणी सोडली, तर ओपीडी त्यात नाही. डॉक्टरची फी, रक्ताची तपासणी, महिन्याच्या गोळ्या, सगळं खिशातून. आणि साध्या घराचा दवाखान्याचा पैसा जातो तो बहुतेक इथेच, थोडा थोडा, कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही असा.

निवृत्तीच्या आधीचा एक यंत्रमाग कामगार माझ्या कायम लक्षात आहे. विट्याकडचा, पन्नाशीच्या आतला. रात्रपाळीत मागावरच कोसळला. डावी बाजू गेली. बायकोने पिशवी माझ्या टेबलावर उपडी केली, कागद शोधायला. त्यात बीपीच्या गोळ्यांची पट्टी होती, कडेने कात्रीने सुटी सुटी कापलेली, काही गोळ्या मधोमध मोडलेल्या. मी विचारलं, हे काय? तर म्हणाली, ‘एक दिवसाआड घेत्यात. पट्टी दोन महिनं पुरती.’ डोकं दुखलं तर अख्खी, नाहीतर अर्धी. रुपया-दोन रुपयांची गोळी होती ती. पण ती लिहून घ्यायला खासगी डॉक्टरची फी, आणि सरकारी केंद्रात जायचं तर ओपीडी सकाळची, रात्रपाळी करून आलेल्या माणसाच्या झोपेची वेळ, शिवाय तिथे गोळ्या असतीलच असं नाही. दाखल झाल्यावर मात्र कार्ड धावून आलं. मंजुरी मिळाली, उपचाराचे सगळे पैसे योजनेतून भरले गेले, बायकोला एक रुपया पडला नाही. हात तेवढा परत आला नाही. हिशेबाच्या तक्त्यात हा माणूस ‘लाभार्थी’ म्हणून मोजला गेला, आणि तो खराच लाभार्थी होता. तुझ्या भाषेत तो कधीच विम्याविना नव्हता.

याला रुग्णालयांच्या बाजूनेही बघावं लागतं. प्रत्येक उपचाराचा दर बांधलेला, त्याला सगळे पॅकेज म्हणतात. ज्यात दर परवडतो ते उपचार खासगी रुग्णालयं आनंदाने करतात, ज्यात परवडत नाही तिथे ‘बेड नाही’. सगळी डॉक्टर मंडळी लबाड असतात असं मी म्हणणार नाही, दर खरंच काही ठिकाणी तुटपुंजे आहेत आणि पैसे हातात पडायला महिनोन्‌महिने जातात. पण पैसा ऑपरेशनाच्या मागे बांधला की ऑपरेशनं वाढतात. छत्तीसगडमध्ये 2012 मध्ये राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेच्या कार्डांवर गरज नसताना बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याची प्रकरणं बाहेर आली. कार्ड होतं म्हणून तर त्या बायका टेबलावर गेल्या.

आणि कार्डाच्या भोवतीचा खर्च? डायलिसिस योजनेत आहे, फुकट होतं. पण आठवड्याला दोन-तीनदा तालुक्याहून जिल्ह्याला यायचं, सोबत एक माणूस, म्हणजे दोघांची मजुरी बुडाली आणि भाडं वेगळं. पॅकेजमध्ये घरी परतायचं एस.टी.चं भाडं धरलेलं आहे असं कागद म्हणतो. ते मागितलेला रुग्ण मला भेटला नाही. 2023 मध्ये एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा आमच्या वॉर्डातल्या डायलिसिसच्या बायकांचं मधेच येणं बंद होण्याचं प्रमाण कमी झाल्यासारखं मला वाटलं. माझं आपलं टेबलावरचं निरीक्षण, अभ्यास नाही. पण परिवहन खात्याने आरोग्य खात्याचं काम केलं असं आम्ही चहाच्या वेळी म्हणायचो.

तुला वाटेल ताई रडगाणंच गाते. तर थायलंडचं ऐक. त्यांनी 2002 मध्ये सगळ्यांना आरोग्यसेवा द्यायची ठरवली, तीस बाथ योजना म्हणून ती ओळखली जाते, कारण सुरुवातीला एका भेटीचे तीस बाथ घेत. पैसा करांमधून. पण खरी मेख पुढे आहे. सगळा पैसा ऑपरेशनामागे न बांधता तालुक्याच्या रुग्णालयाला त्याच्या हद्दीतल्या प्रत्येक डोक्यामागे वर्षाची रक्कम मिळते, आणि ओपीडी, गोळ्या, तपासण्या त्यातच. म्हणजे बीपी आटोक्यात ठेवण्यात रुग्णालयाचंही हित. शिवाय हे करण्याआधी त्यांनी कित्येक वर्षं तालुक्या-तालुक्यात रुग्णालयं बांधली होती आणि नव्या डॉक्टरांना सक्तीने खेड्यात पाठवलं होतं. आधी दवाखाना, मग हक्क. आपण उलटं केलं, आणि आता कार्ड हातात घेऊन दवाखाना शोधतोय.

थायलंड लांब वाटत असेल तर सातारा जवळ आहे. 2017-18 च्या सुमारास रक्तदाब नियंत्रणाचा एक कार्यक्रम आपल्या चार जिल्ह्यांत सुरू झाला, सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा, भंडारा. त्यात जगावेगळं काही नव्हतं. दोन-तीनच औषधं, ती कुठल्या क्रमाने द्यायची ते सगळ्या केंद्रांत एकसारखं ठरलेलं, एकदम महिन्याच्या गोळ्या, आणि न आलेल्या माणसाला नर्सचा फोन. अख्ख्या कार्यक्रमात मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो हा फोन. विट्याच्या त्या माणसाला ‘अहो, गोळ्या न्यायला आला नाहीत’ असं विचारणारं कुणी असतं तर, असं माझ्या मनात नेहमी येतं. असली कामं वर्तमानपत्रात येत नाहीत. पाच लाखांची जाहिरात होते, महिन्याच्या तीस गोळ्यांची कशी करणार?

माझ्याबरोबर काम केलेले एक निवृत्त सिव्हिल सर्जन याच्या उलट मताचे आहेत. संध्याकाळी आमराईत फिरताना आमची रोज जुंपते. ते म्हणतात, ‘बाई, सरकारी केंद्रात पैसा ओतून पन्नास वर्षं पाहिलं. डॉक्टर राहत नाही, औषध पोचत नाही. निदान कार्डामुळे गरिबाला चांगल्या रुग्णालयाचं दार उघडलं.’ यात तथ्य आहे. ऑगस्ट 2023 मध्ये राज्याने आरोग्य खात्याच्या सगळ्या रुग्णालयांत उपचार मोफत केले, केसपेपरचे पैसेसुद्धा माफ. लगेच रांगा वाढल्या, आणि औषधसाठा होता तेवढाच, मग ‘हे बाहेरून आणा’च्या चिठ्ठ्या. मोफत म्हटल्याने मोफत होत नाही. पण पन्नास वर्षं पैसा ओतला हे मात्र मी त्यांना मान्य करत नाही. ओतला असता तर दिसला असता.

मधल्या लोकांचं काय, असं तू विचारशील, म्हणजे आपल्यासारख्यांचं. कागदावर तेही योजनेत आहेत, मनाने नाहीत. ते मेडिक्लेमचे हप्ते भरतात आणि साठीनंतर हप्ता पेन्शन खायला लागला की पॉलिसी सोडतात. सप्टेंबरपासून हप्त्यावरचा अठरा टक्के जीएसटी गेला, तेवढा दिलासा.

आता घरचं. आईचं सत्तरीनंतरच्यांसाठीचं वय वंदना कार्ड मी काढून घेतलंय, बोटांचे ठसे उमटत नव्हते म्हणून शेवटी डोळ्याने ओळख पटवली. तरी तिची जुनी पॉलिसी बंद करायची नाही, यंदाचा हप्ता तू भरू नकोस, मी भरते. तिच्या बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्या जनऔषधीतून आणते, मोडून घेत नाही ना यावर लक्ष आहे. तू तुझं बघ. जुन्या कंपनीचा विमा अठरा महिने चालू ठेवता येतो म्हणालास, पण कंपनीचा हिस्साही आपणच भरायचा तर तो परवडेल का, याचा आकडा काढ. विम्याच्या सरकारी बाजारातून नवा घ्यायचा असेल तर 15 डिसेंबरच्या आत अर्ज कर, म्हणजे जानेवारी उघडा जायचा नाही. आणि तुझ्या थायरॉइडच्या गोळ्या किती दिवसांच्या उरल्यात ते मला उलट टपाली कळव.

तुझी,
ताई