मुक्कामी गाडीचा हिशेब

धुळ्याहून जळगावला रेल्वेने जायचे तर चाळीसगावचा वळसा पडतो. त्यामुळे पारोळा-एरंडोलमार्गे जाणारी एसटी हाच सामान्य प्रवाशाचा आधार. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर सुरू झालेल्या या सेवेचा संचित तोटा २०२५ च्या श्वेतपत्रिकेनुसार दहा हजार कोटी रुपयांहून अधिक आहे.

पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून विनामूल्य आणि महिलांना मार्च २०२३ पासून निम्म्या भाड्यात प्रवास मिळतो. गाड्या भरू लागल्या, हे चांगलेच झाले. मात्र सवलतीची रक्कम शासनाकडून यावयाची असते. हिशेबाच्या वहीत ती ‘येणे’ म्हणून शोभते. पण येणे रकमेतून डिझेल भरता येत नाही, आणि ती लांबली म्हणून वेतनाची तारीखही पुढे सरकत नाही.

मग काटकसरीची कात्री शोधते ती कमी भारमानाची फेरी, म्हणजे बहुधा खेड्यातली मुक्कामी गाडी. ती सायंकाळी येते, चालक-वाहक रात्री गावातच थांबतात आणि पहाटे विद्यार्थी, रुग्ण, भाजीच्या पाट्या घेऊन ती तालुक्याला निघते. किलोमीटरमागे तिचे उत्पन्न तुटपुंजे, हे खरेच. बँकेच्या ग्रामीण शाखेचा हिशेबही एकटा मांडला तर अनेकदा तोट्याचाच निघे. म्हणून तो एकटा मांडत नसत.

फेरी बंद झाली तरी बारावीतल्या मुलीच्या दप्तरात मोफत पास असतोच. परतीला खासगी जीप असते. ती भरल्याशिवाय हलत नाही, आणि अंधार पडल्यावर ती मिळत नाही.