बापाची सावली

चित्रपट म्हणजे घटकाभर करमणूक, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु काही चित्रपट आपणांस आपल्याच घराकडे निराळ्या दृष्टीने पाहावयास लावतात. सतीश मनवर यांनी दिग्दर्शित केलेला 'गाभ्रीचा पाऊस' (२००९) हा मराठी चित्रपट त्यांपैकीच होय. मध्यंतरी आम्ही तो घरच्या सर्व मंडळींसह पाहिला.

कथानक साधे आहे. किसना हा विदर्भातील कापूस पिकविणारा एक गरीब शेतकरी. शेजारचा शेतकरी आत्महत्या करतो आणि किसनाची पत्नी अलका हिच्या मनात भीतीचे घर होते. पतीस उघड विचारण्याचे तिला धैर्य होत नाही. म्हणून ती लहानग्या दिनूस बापाच्या मागोमाग धाडते. इकडे पाऊस दगा देतो, पेरलेले वाया जाते, आणि नव्या बियाण्यासाठी पुन्हा पैशाची विवंचना सुरू होते. गिरीश कुलकर्णी व सोनाली कुलकर्णी यांनी या दांपत्याच्या भूमिका केल्या आहेत.

आमच्या भंडारा जिल्ह्यात मुख्य पीक धानाचे. तलावांचा जिल्हा म्हणून त्याची ख्याती आहे; कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेले कित्येक तलाव अद्यापि शेते भिजवितात. तरीही आकाशाकडे पाहणे कोणास चुकलेले नाही. एके वर्षी पावसाने ओढ दिली, बांधीत चिखलापुरतेही पाणी साचले नाही, आणि रोवणीपूर्वीच आमचे पऱ्हे करपले. वडिलांनी उसनवारी करून दुसऱ्यांदा बी टाकले. त्या दिवसांत जेवताना ते नेहमीपेक्षा अधिक थट्टाविनोद करीत. आम्ही भावंडे पोट धरून हसत असू. आई मात्र खाली मान घालून वाढीत असे. तिच्या त्या मौनाचा अर्थ मला दिनूची कथा पाहताना उमगला.

बाप आपली चिंता लपवितो ती मुलांवरील मायेपोटी. पण लपविलेली चिंता त्यास एकाकी करते. दिनूस कर्जाचा हिशेब कळत नव्हता, पाऊस पाडणेही त्याच्या हाती नव्हते. तो केवळ बापासवे चालत होता. विद्यार्थीमित्रहो, एवढे तर आपणांपैकी प्रत्येकास साध्य आहे! आणि पालकांसही नम्र विनंती, की घरातील अडचण मुलांच्या कानी घातल्याने आपला मान तिळभरही उणावत नाही.

यंदाच्या रोवणीस मी वडिलांसमवेत बांधीत उतरणार आहे. काम करता करता बोलणे आपोआप निघेल.